जनावरांच्या रोगाचे कारण शोधणारा डॉक्टर : रॉबर्ट कॉख



आपल्या वऱ्हाडात कोठ्यातले एक जनावर दगावले तरी अख्खे घर हादरते. २०२२ साली लम्पीच्या साथीने अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना याचा कडू अनुभव दिला. अशा वेळी मनात प्रश्न येतात. रोग आला कुठून? शेजारच्या कोठ्यात शिरला, आपल्याकडे का नाही? लस टोचलेले जनावर का वाचते? या प्रश्नांची उत्तरे मिळवण्याची रीत जगाला ज्यांनी शिकवली, त्यांत रॉबर्ट कॉख यांचे नाव फार वर आहे. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. वडील खाणखात्यात नोकरीला होते आणि घरात तेरा भावंडे. गॉटिंगेन विद्यापीठात वैद्यक शिकून १८६६ साली ते डॉक्टर झाले. १८७२ मध्ये वोलश्टाइन नावाच्या लहानशा गावी त्यांची सरकारी डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तेथे ना प्रयोगशाळा होती, ना ग्रंथालय. रोगी तपासण्याच्या खोलीतच एक कोपरा त्यांनी पडद्याने वेगळा केला आणि पत्नी एमी यांनी भेट दिलेला सूक्ष्मदर्शक तेथे मांडला.

त्या भागात गुरे आणि मेंढ्या फाशी रोगाने मरत. या रोगाला आपण काळपुळी असेही म्हणतो. सकाळी चरायला गेलेले जनावर संध्याकाळी मरून पडे. काही कुरणे वर्षानुवर्षे घातक ठरत, म्हणून ती शापित आहेत असे लोक मानत. मेलेल्या जनावराच्या रक्तात काडीसारखे बारीक जंतू दिसतात, हे आधी इतरांनीही पाहिले होते. पण दिसले म्हणजे तेच कारण, असे म्हणता येत नाही. घरात चोरी झाली त्या रात्री एखादा माणूस रस्त्यावर दिसला, एवढ्यावरून तो चोर ठरत नाही.

कॉख यांनी हे जंतू बैलाच्या डोळ्यातील पाण्यात वाढवले. एकातून दुसऱ्यात असे करत मूळ रक्ताचा अंशही उरणार नाही इतक्या वेळा ते वाढवले आणि मग उंदराला टोचले. उंदराला तोच रोग झाला. शिवाय त्यांना दिसले की प्रतिकूल स्थितीत हे जंतू टणक बीजाणूंचे रूप घेतात आणि तसेच टिकून राहतात. हे बीजाणू मातीत अनेक वर्षे जिवंत असतात. शापित कुरणांचे कोडे सुटले. १८७६ साली त्यांनी हे काम ब्रेस्लाउ येथील प्राध्यापकांना दाखवले आणि एका खेडेगावच्या डॉक्टरचे नाव सर्वत्र झाले.

यातूनच पुढे कारण सिद्ध करण्याच्या कसोट्या तयार झाल्या. जंतू रोग्याच्या शरीरात सापडला पाहिजे. तो शरीराबाहेर शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे. निरोगी प्राण्याला टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे आणि त्या प्राण्यात तोच जंतू पुन्हा मिळाला पाहिजे. पुढे या कसोट्यांना अपवादही सापडले, पण आजच्या रोगनिदानाचा पाया त्यांनीच घातला.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन आहे. पटकीच्या जंतूचा माग काढत ते १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यालाही आले होते.

मग आली कसोटीची वेळ. १८९० मध्ये त्यांनी क्षयावर इलाज सापडल्याचे सूचित केले. औषधाचे नाव ट्युबरक्युलिन. ते कशापासून बनते हे मात्र त्यांनी गुप्त ठेवले. देशोदेशीचे रोगी आशेने बर्लिनला धावले. पण रोग बरा होईना. कित्येकांची प्रकृती अधिक बिघडली, काही दगावले. क्षयजंतूंचा ग्लिसरीनमधील अर्क, एवढेच ते औषध होते.

मात्र या अपयशातून एक उपयोगी गोष्ट निघाली. क्षयजंतू शिरलेल्या शरीराला त्या जंतूची ओळख राहते. अशा गाईच्या कातडीत थोडे ट्युबरक्युलिन टोचले की शरीर त्याला ओळखते आणि ती जागा सुजते. निरोगी गाईत तशी सूज येत नाही. टोचल्यापासून ७२ तासांनी कातडीची जाडी मोजायची. गाय वरून धडधाकट दिसत असली तरी आत क्षय आहे का, ते यावरून समजते. इलाज म्हणून फसलेले औषध गुरांच्या तपासणीत आजही वापरले जाते.

डिसेंबर १८९६ मध्ये बुळकांडीच्या साथीसाठी कॉख दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ले येथे गेले. या रोगाने मेलेल्या गुरांचे पित्त निरोगी गुरांना टोचल्यास त्यांच्यात प्रतिकारशक्ती येते, असे त्यांना आढळले. ही पद्धत पूर्ण सुरक्षित नव्हती. पुढे इतरांनी रक्तद्रव वापरून ती सुधारली. तेथून १८९७ मध्ये ते प्लेगच्या पाहणीसाठी मुंबईस आले. त्याच वर्षी त्यांनी मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेला भेट दिली. गुरांच्या रोगांवरील ही सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली आपल्या पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरात हलवली गेली. १८९९ मध्ये तेथे बुळकांडीविरोधी रक्तद्रव तयार होऊ लागले. भारतात बुळकांडीची शेवटची लागण १९९५ साली नोंदली गेली आणि २०११ मध्ये जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

एवढ्या मोठ्या माणसाकडूनही एक चूक झाली आणि ती त्यांनी सोडली नाही. १९०१ साली लंडनच्या परिषदेत त्यांनी मांडले की गाईचा क्षय माणसाला जवळजवळ होत नाही, त्यामुळे दुधाबाबत विशेष काळजीची गरज नाही. दोन्ही जंतू वेगळे आहेत हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. ब्रिटिश सरकारच्या आयोगाने अनेक वर्षे प्रयोग करून दाखवले की रोगी गाईच्या दुधातून माणसाला, विशेषतः लहान मुलांना क्षय होतो. कॉख यांनी शेवटपर्यंत आपले मत फारसे बदलले नाही. १९०५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले.

जगाला पुरावा तपासायला शिकवणाऱ्यानेच आपल्या मताविरुद्धचा पुरावा मानला नाही. नाव मोठे झाले की हा धोका प्रत्येकालाच असतो. पण त्यांनी शिकवलेली रीत त्यांच्याहून मोठी ठरली. त्याच रीतीने इतरांनी त्यांची चूक दुरुस्त केली.

आपल्यासाठी यात सरळ बोध आहे. धारोष्ण दूध अंगी लागते असे आपण ऐकत आलो, तरी दूध उकळूनच मुलांना द्यावे. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. आजारी जनावर वेगळे बांधावे. अचानक मेलेले आणि नाकातोंडातून रक्त आलेले जनावर फाडू नये, कारण फाशीचे जंतू हवा लागली की बीजाणू बनतात. आधी गुरांच्या डॉक्टरांना बोलवावे. अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. रोगनिदानासाठी आपल्या भागाला दूर पाहण्याची गरज नाही.

आणि एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. गाय आटली, वासरू मेले की नजर लागली, कुणी करणी केली, असे बोलले जाते. मग संशय बहुधा एखाद्या विधवेवर किंवा गरीब शेजाऱ्यावर जातो. ती बाई काल दारावरून गेली आणि आज वासरू मेले, यातून काहीच सिद्ध होत नाही. खरे कारण शोधल्याने जनावरे तर वाचतातच, शिवाय निरपराध माणसावरचा खोटा आळही टळतो. असे बोलणे कानावर आले तर आपण तेथेच थांबवावे आणि जनावर तपासून घ्यायला सांगावे.