विश्लेषण : घोड्यांच्या साथीमागे लागलेले जॉन हेन्री स्टील कोण? परळच्या ‘बैलघोडा’शी त्यांचं नातं काय?

सप्टेंबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या चार घोडेस्वारांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी आलेलं सुवर्ण, आणि चौघांपैकी एक, हृदय छेडा, आपल्या मुंबईचा. त्या आठवड्यात आमच्या डेस्कवर ही बातमी चांगलीच चालली. एक तपशील मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटला. हे पदक ज्यांच्या पाठीवर बसून मिळालं ते घोडे भारतातून गेलेच नव्हते. ते युरोपात राहत होते आणि सरावही तिथेच चालू होता.

कारण साधं आहे. भारतातला घोडा परदेशातल्या स्पर्धेत उतरवायचा, तर तो काही ठरावीक रोगांपासून मुक्त असलेल्या भागातून आला आहे, हे दाखवावं लागतं. तसा मान्यताप्राप्त भाग तेव्हा आपल्याकडे नव्हता. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या लष्कराच्या अश्व व पशुवैद्यक केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेची अशी मान्यता मिळाली. तिथे ज्या रोगांवर पहारा आहे त्यांत इक्वाइन इन्फ्लुएन्झा, ग्लँडर्स यांच्यासोबत एक देशी नाव दिसतं : सर्रा.

या सर्राचा माग काढत गेलं की आपण परळला पोहोचतो.

‘बैलघोडा हॉस्पिटल’मध्ये काय आहे?

अंधेरी-बोरिवलीकर प्रभादेवीला उतरतात, घाटकोपर-मुलुंडकर परळला. दोघांनाही बैलघोडा हॉस्पिटल ऐकून माहीत असतं. आजारी कुत्रा, मांजर, पतंगाच्या मांज्यात सापडलेली घार घेऊन लोक तिथे जातात. खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. गिरणीमालक दिनशॉ पेटिट यांनी मोठी देणगी दिली, त्यांच्या पत्नीचं नाव हॉस्पिटलला लागलं आणि १८८४ मध्ये ते उभं राहिलं. त्याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते २ ऑगस्ट १८८६ रोजी सुरू झालं आणि त्याचे पहिले प्राचार्य होते जॉन हेन्री स्टील. पशुवैद्यकाच्या जगात हे नाव आजही घेतलं जातं. आपण मात्र त्या फाटकावरून रोज नुसतेच जातो.

स्टील मुंबईत कसे आले?

जन्म १८५५ चा, इंग्लंडमधला. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात शिक्षण झालं, तिथे त्यांनी शिकवलंही. मग लष्कराच्या पशुवैद्यक विभागातून ते भारतात आले. लिखाणाचा झपाटा मोठा. बैलांच्या रोगांवरचा त्यांचा ग्रंथ १८८१ चा, हत्तींवरचा १८८५ चा, कुत्र्यांवरचा १८८८ चा आणि उंटांवरचा १८९० चा. फ्रेडरिक स्मिथ या सहकाऱ्यासोबत त्यांनी मद्रासहून पशुवैद्यकाचं एक त्रैमासिकही चालवलं. हे सगळं नोकरी सांभाळून.

त्या काळी घोडा म्हणजे गाडी, ट्रक आणि रणगाडा, तिन्ही एकत्र. मुंबईत १८७४ पासून ट्राम घोडे ओढत होते. इराणच्या आखातातून अरबी घोडे बोटीने मुंबई बंदरात उतरत आणि भेंडीबाजाराकडच्या तबेल्यांत त्यांचे सौदे होत. भायखळ्याच्या शर्यती १८८३ मध्ये महालक्ष्मीला गेल्या. म्हणजे ट्रामचे, लष्कराचे, शर्यतीचे आणि विक्रीचे घोडे एकाच शहरात, थोड्याशा अंतरावर. रोगाला आणखी काय हवं?

सर्रा म्हणजे काय?

सर्रा म्हणजे सडलेलं. नाव लष्कराचं नव्हे, घोडे आणि उंट पाळणाऱ्यांनी दिलेलं. जनावराला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. अंगावर सूज चढते, रक्त कमी होत जातं आणि खाणं चालू असूनही ते वाळत जातं. उपचार नव्हते तेव्हा घोडा बहुधा मरायचाच.

१८८० मध्ये डेरा इस्माईल खान भागात लष्कराचे पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी आजारी घोड्यांचं आणि उंटांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यात वळवळणारे जीव होते. हेच रोगाचं कारण, असं ते म्हणाले. ते रक्त निरोगी जनावरांना टोचून रोग होतो हेही त्यांनी दाखवलं. पण असे जीव रक्तात असले तरी निरुपद्रवी असतात, हे त्या वेळचं वजनदार मत होतं. इव्हान्स यांचं कुणी फारसं ऐकलं नाही.

इथे स्टील कथेत येतात. ब्रह्मदेशात लष्कराची खेचरं पटापट मरत होती. खेचर मेलं की तोफा आणि रसद जागच्या जागी, त्यामुळे चौकशी करण्यासाठी १८८५ मध्ये स्टील यांना तिकडे पाठवलं गेलं. त्यांनी तापाच्या नोंदी ठेवल्या आणि रोज रक्त तपासलं. ताप चढला की रक्तात तेच जीव दिसत, उतरला की नाहीसे होत. आजारी खेचराचं रक्त दुसऱ्या जनावरांना टोचल्यावर त्यांनाही रोग झाला. इव्हान्स बरोबर होते.

स्टील यांची एक चूक झाली. माणसाच्या उलटून येणाऱ्या तापाशी साम्य पाहून त्यांनी हा जीव स्पायरोकीट गटातला ठरवला. तो त्यातला नाही, हे लवकरच इतरांनी दाखवलं. पण नाव देताना त्यांनी जे केलं ते मला या सगळ्यात जास्त आवडतं. शोध पक्का करणारे ते स्वतः होते, तरी जीवाला नाव दिलं ‘इव्हान्साय’. आज त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय म्हणतात. गट बदलला, इव्हान्स राहिले.

मग हा जीव एका घोड्यातून दुसऱ्यात जातो कसा? ते उत्तर १९०१ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांच्या प्रयोगांतून मिळालं : चावून रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या. आजारी घोड्याला चावता चावता हाकललेली माशी शेजारच्या घोड्यावर बसते, तोंडाला लागलेलं रक्त तिकडे पोहोचतं. म्हणूनच घोडे दाटीने बांधलेले असतील तर धोका जास्त.

परळला स्टील यांनी काय केलं?

ब्रह्मदेशाहून आल्यावर वर्षभरात कॉलेज उघडलं. तोवर देशात जनावरांचे शिकलेले डॉक्टर म्हणजे मुख्यतः लष्करातले गोरे अधिकारी, आणि त्यांचं काम लष्कराच्या घोड्यांपुरतं. टांगेवाल्याचा घोडा किंवा शेतकऱ्याचा बैल आजारी पडला, तर साथ सुरू झाल्याचं सरकारला कळणार कोणाकडून? त्यासाठी इथलीच मुलं शिकवायला हवी होती. शेजारी हॉस्पिटल होतं, त्यामुळे पुस्तकातला रोग विद्यार्थ्यांना दारातच बघायला मिळे. तापमान घे, रक्त काचपट्टीवर घे, नोंद कर, हे ब्रह्मदेशातलं काम आता वर्गात शिकवायचं झालं.

त्यांना फक्त साडेचार वर्षं मिळाली. जानेवारी १८९१ मध्ये मुंबईतच त्यांचं निधन झालं. वय पस्तिशीच्या आसपास. माझी इंजिनीअरिंगची बॅच अजून तिशीत पोहोचायची आहे, त्यामुळे तारखा लिहिताना मी त्या दोनदा तपासल्या.

आज स्पर्धेत घोडा उतरवताना काय करतात?

तत्त्व तेच आहे, साधनं बदलली. घोडा मैदानावर येण्याआधीच रक्ततपासणी होते. ग्लँडर्समध्ये नाकातून स्राव येतो, अंगावर गाठी फुटतात, आणि तो माणसालाही होऊ शकतो. त्यावर लस नाही. बाधित घोड्याला कायद्यानुसार मारून खोल पुरावं लागतं, आणि परिसरात घोड्यांची ने-आण, जत्रा, शो सगळं थांबतं. मालकाला भरपाईची तरतूद आहे, पण वरातीच्या एका घोडीवर घर चालवणाऱ्याला तपासणीची भीती वाटणारच. १८९९ मध्ये ग्लँडर्ससाठी वेगळा कायदा झाला होता. त्याची जागा आता २००९ च्या पशुरोग नियंत्रण कायद्याने घेतली आहे.

इन्फ्लुएन्झा खोकल्यातून, हातांतून, कपड्यांतून पसरतो. २००८ मध्ये जम्मूतल्या कटऱ्याला सुरू झालेली साथ अनेक राज्यांत गेली. त्याला लस आहे. बाकी नियम ऐकायला किरकोळ वाटतात : प्रत्येक घोड्याची बादली आणि खरारा वेगळा, दिवसातून दोनदा ताप मोजायचा, दोन घोड्यांची नाकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत, नवीन आलेला घोडा काही दिवस वेगळा बांधायचा, लीद लगेच उचलायची, तबेल्याला जाळी लावायची. सर्रावर आता औषधं आहेत, लस मात्र अजून नाही. नंदुरबारच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणाऱ्या घोडेबाजारापासून महालक्ष्मीच्या मैदानापर्यंत काळजीचे मुद्दे हेच. घाटकोपर-मुलुंडच्या लग्नात मुलांनी घोडीच्या नाकाला हात लावायची हौस केली, तर नंतर साबणाने हात धुवायला लावा.

स्टील यांच्या कॉलेजचा आता गोरेगावलाही, आरेच्या बाजूला, परिसर आहे. लंडनमध्ये त्यांच्या स्मरणार्थ पशुवैद्यकातल्या कामासाठी पदक सुरू झालं. ते पुढे ज्यांना मिळालं त्यांत ग्रिफिथ इव्हान्सही होते. स्टील यांच्या मृत्यूनंतर इव्हान्स ४४ वर्षं जगले. शंभरी पूर्ण करून १९३५ मध्ये ते गेले.