यंत्राला माणसाचे माप देणारा कलावंत

मनमाडसारख्या रेल्वेच्या गावाला यंत्रांचे अप्रूप नाही. पुलांचे पोलादी गर्डर घडविणारा रेल्वेचा कारखाना येथेच आहे. तरीही आगगाडीचे इंजिन आणि घरातील केर ओढून घेणारा व्हॅक्यूम क्लीनर या दोहोंना एकाच व्यक्तीने रूप दिले होते, हे सांगितले तर येथेही आश्चर्य वाटेल. ती व्यक्ती म्हणजे अमेरिकी औद्योगिक डिझायनर हेन्री ड्रेफस.

ड्रेफस यांचा जन्म 1904 साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. घरचा व्यवसाय नाटकांना साहित्य पुरविण्याचा. नॉर्मन बेल गेडिस यांच्या हाताखाली नेपथ्याचे धडे गिरवून त्यांनी 1929 मध्ये स्वतःचे कार्यालय थाटले. त्याच वर्षी महामंदीला सुरुवात झाली. माल खपेना, म्हणून कारखानदार वस्तूंना नवे रूप देऊ पाहत होते. बेल कंपनीने टेलिफोनच्या बाह्यरूपाची चित्रे मागविली, तेव्हा अभियंत्यांसोबत बसल्याविना काम करण्यास या तरुणाने नकार दिला. पुढे कंपनीने ती अट मान्य केली.

त्या काळचे व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे दांडी, पिशवी आणि उघडी दिसणारी मोटार. हूवर कंपनीसाठी 1936 मध्ये साकारलेल्या ‘मॉडेल 150’मध्ये ड्रेफस यांनी ही मोटार बेकेलाइटच्या घाटदार आवरणाखाली झाकली, वजन घटविण्यासाठी मॅग्नेशियमचा वापर झाला. पुढच्याच वर्षी लुरेल गिल्ड यांनी इलेक्ट्रोलक्सच्या क्लीनरला वेगवान गाडीचा डौल दिला. 1938 मध्ये ड्रेफस यांनी न्यूयॉर्क-शिकागो मार्गावरील ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ या गाडीचे रूप घडविले.

घरात सावकाश फिरणाऱ्या यंत्राला वारा कापणाऱ्या रेषा कशाला, हा आक्षेप रास्तच होता. ड्रेफस यांचे मोठेपण असे की ते त्या रेषांपाशी थांबले नाहीत. यंत्र ज्याच्या हाती द्यायचे, त्याच्या हाताची लांबी आणि पाठीचा वाक त्यांनी मोजला. 1960 मध्ये ही मापे त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

असाध्य आजाराने ग्रासलेली पत्नी आणि व्यवसायातील भागीदार डोरिस यांच्यासह ड्रेफस यांनी 5 ऑक्टोबर 1972 रोजी जीवनयात्रा संपविली.

त्यांची मापे मुख्यतः अमेरिकी देहांची होती. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र 1969 मध्ये सुरू झाले. तरी आपल्या घरातील ओटा आणि कारखान्यातील यंत्र आपल्या माणसांच्या मापाचे आहे का, हा ड्रेफस यांचा प्रश्न आपल्यालाही विचारावा लागेल.