सरमिसळीचा संगीतकार : सी. रामचंद्र

आमच्या बिदर-कलबुर्गी भागात वरातीचा बँड 'शोला जो भडके'ची धून वाजवू लागला की म्हातारेही ताल धरतात. ती चाल बांधणाऱ्याचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ज्यांना असते, त्यांच्यापैकी काहींनी या गृहस्थावर उसनवारीचा शिक्का मारून ठेवला आहे. तो मला मान्य नाही.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. गाण्याचे धडे त्यांनी विनायकबुवा पटवर्धनांकडे गिरवले. पण ओढ नट होण्याची! वाय. व्ही. रावांच्या 'नागानंद'मध्ये ते नायक झाले. (आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांसाठी सांगतो, 'सती सुलोचना' हा १९३४ चा पहिला कन्नड बोलपट याच रावांचा.) नट म्हणून काही जमले नाही. मग मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये हार्मोनियमची साथ, आणि स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी तमिळ चित्रपटांत!

'शहनाई' १९४७ साली आला. त्यात 'आना मेरी जान' या गाण्यातली शीळ ऐकून जाणत्यांनी नाके मुरडली. 'गोरे गोरे'ची चाल तर सरळ लॅटिन अमेरिकन गाण्यावरून घेतलेली. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण उसने घेणारा पुढे त्याचे काय करतो, हे पाहायला नको का? अण्णांनी गोव्याचे वादक जवळ केले. हॉटेलांत जाझ वाजवणारे, स्वरलिपी वाचणारे हे लोक. त्यांतला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह 'अलबेला'त (१९५१) पडद्यावरही दिसतो. बोंगो, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट यांच्या गजरात भगवानदादांची ती साधी पावले! आणि त्याच चित्रपटात पिलू रागातली 'धीरे से आजा' ही अंगाई आहे. दोन्ही एकाच माणसाची, हे सांगितल्याशिवाय पटत नाही.

'आशा'तले (१९५७) 'ईना मीना डीका' घ्या. त्या निरर्थक शब्दांत कोकणीही मिसळली, ती जॉन गोम्स या त्यांच्या गोवेकर सहायकामुळे. आपण सीमेवरची माणसे घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कट्ट्यावर दखनी बोलतो. एका वाक्यात तिन्ही आली तरी दचकत नाही. पुण्याच्या पाहुण्यांना आपली मराठी अशुद्ध वाटते. त्यांच्या आणि अण्णांच्या टीकाकारांच्या तक्रारीत मला तरी फरक दिसत नाही.

आज कीबोर्डची एक कळ दाबली की ट्रम्पेटही वाजतो आणि सनईही. वाद्ये जमवणे सोपे झाले आहे. कोणते वाद्य कुठे गप्प बसवायचे, ते यंत्राला कसे कळावे? २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत 'ऐ मेरे वतन के लोगों' प्रथम गायले गेले, त्याची चाल बांधताना अण्णांनी सगळी चमक बाजूला ठेवली होती. पुढे हिंदीतले काम आटत गेले. मराठीत 'घरकुल'ची गाणी त्यांनी केली, तीही घरोघर पोहोचली.

५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत ते वारले. चौसष्ट पूर्ण व्हायला सात दिवस उरले होते.