केरूनाना छत्रे आणि शून्याचा प्रश्न

मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या रामदासपेठेतील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखविले आणि तो आकडा एका रात्रीत देशोदेशींच्या मराठी घरांत जाऊन पोहोचला. इथे योकोहामातही त्या दिवशी पुष्कळांनी गावाकडे फोन लावून घरच्या वडीलधाऱ्यांची चौकशी केली असेल. जगातला आजवरचा मान्य उच्चांक ५६.७ अंशांचा, अमेरिकेतील डेथ व्हॅलीचा, आणि तोही १९१३ सालचा. म्हणजे नागपूर जवळजवळ त्याच्या पंक्तीला जाऊन बसले! पण त्याच शहरातल्या दुसऱ्या केंद्रावर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसाच्या आसपासच होता. लवकरच हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सरमध्ये बिघाड होता. आदल्याच दिवशी दिल्लीजवळच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखविले होते. तेथे प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिल्यावर यंत्र सुमारे तीन अंश जास्त दाखवीत असल्याचे आढळले.

आकडा आला की आधी त्याची जात-कुळी विचारायची, ही सवय हवामानशास्त्राच्या हाडीमाशी खिळलेली आहे. आपल्या यामाते टेकडीवर हवामान वेधशाळेची १९२७ सालची टुमदार इमारत आहे. पुष्कळ वाचकांनी ती बंदराकडे फिरायला जाताना पाहिली असेल. जपानात १९५२ च्या कायद्यानुसार सार्वजनिक उपयोगाच्या नोंदींसाठी वापरावयाचे तापमापक, वायुभारमापक, पर्जन्यमापक हे सारे रीतसर तपासणीतून पार पडावे लागतात. हीच विद्या ज्या मराठी माणसांनी अगदी आरंभी हातात घेतली, त्यांतले एक म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणून ओळखतो. पण लोकांना माहीत असतात ते टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना, किंवा पंचांगवाले केरूनाना. त्यांच्या तरुणपणाची दहा वर्षे यंत्रांच्या काट्यांकडे डोळे लावून गेली, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांचे पुढले सारे आयुष्य त्या दहा वर्षांतून उगवले, असे मला वाटते.

केरूनानांचा जन्म १८२४-२५ च्या सुमाराचा, अष्टागरातल्या नागाव येथला. नागाव म्हणजे अलिबागच्या दक्षिणेस तास-दीड तासाच्या चालीवर असलेले नारळी-पोफळींचे गाव. योगायोग असा की, पुढे १९०४ मध्ये कुलाब्याच्या वेधशाळेची चुंबकीय उपकरणे हलवायची वेळ आली, तेव्हा नवी वेधशाळा उभी राहिली ती या अलिबागलाच. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने होकायंत्राच्या सुया बिथरल्या असत्या. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी जुनी जागा एकदम सोडली नाही. सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी नोंदी चालू ठेवून त्यांनी दोहोंतला फरक नक्की केला, आणि मगच कुलाब्याचे दार लावले. जपानातही हेच घडले. तोक्योतल्या ट्रामगाड्यांमुळे चुंबकीय वेधशाळा १९१३ मध्ये इबाराकीतील काकिओका येथे गेली. जोबान मार्गावर तोरिदेच्या पुढे गाडीचा वीजप्रवाह बदलतो तो याच वेधशाळेपायी. असो.

मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत शिकत असताना केरूनाना प्राध्यापक आर्लिबार यांच्या नजरेत भरले. आर्लिबार हे गणित आणि ज्योतिष शिकवीत, आणि कुलाब्याची वेधशाळाही त्यांच्याकडे होती. ही वेधशाळा कंपनी सरकारने १८२६ मध्ये उभारली ती मुख्यतः जहाजांची घड्याळे बरोबर लावून देण्यासाठी. १८४१ पासून तेथे हवेच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी वाहिली. मराठी वृत्तपत्राचा जनक बॅरोमीटर वाचीत बसलेला, हे चित्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत का येत नाही कोण जाणे! याच वेधशाळेत १८४० च्या सुमारास केरूनाना दरमहा पन्नास रुपयांवर साहाय्यक म्हणून लागले. वय अवघे पंधरा-सोळा.

काम काय, तर वाचणे आणि लिहिणे. ठरलेल्या वेळी उठायचे, कंदील घ्यायचा, आणि एकेका उपकरणाचा आकडा वहीत उतरवायचा. काही ठराविक दिवशी जगभरच्या वेधशाळा एकाच वेळी दर काही मिनिटांनी चुंबकसुया वाचीत, तेव्हा तर डोळ्याला डोळा लागत नसे. ऐकायला हे कारकुनी काम वाटते. पण पाऱ्याचा स्तंभ डोळ्याच्या रेषेत न धरता वरून-खालून पाहिला तर आकडा चुकतो. कंदील जवळ नेला किंवा माणसाचा श्वास लागला तर तापमापक चढतो. बॅरोमीटरमधला पारा हवेच्या दाबाने हलतो तसाच उष्णतेनेही फुगतो, म्हणून दर वेळी जोडीच्या तापमापकावरून दुरुस्ती करावी लागते. आणि तापमापकाची काच वर्षानुवर्षे अंगातल्या अंगात आकसत राहते, त्यामुळे त्याचे शून्य हळूहळू वर सरकते. ते ताडून पाहण्याचा एकच खात्रीचा उपाय, वितळत्या बर्फात बुडवून पाहणे. मुंबईत तेव्हा बर्फ अमेरिकेहून जहाजातून, भुशात गुंडाळून येत असे, हे येथे ध्यानात घ्यावे.

कुलाब्यासारख्या जागी निसर्गाने तपासनिसाला आणखी एक साधन दिले आहे. उष्ण प्रदेशात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास चढ, दुपारी चारला उतार, रात्री दहाला पुन्हा चढ, पहाटे चारला उतार. फरक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर पाऱ्याचा, पण वादळ-वावटळ नसली की तो घड्याळासारखा नेमाने होतो. डुलकी लागलेल्या माणसाने अंदाजाने आकडे भरले तर महिन्याच्या तक्त्यात ही लाट मोडलेली दिसते. म्हणजे नोंदवहीच नोंदणाऱ्याची साक्ष काढते. आज स्वयंचलित केंद्रांचे आकडे संगणक चाळतो, तोही याच रीतीने : आकडा शक्यतेच्या मर्यादेत आहे काय, मागच्या आकड्यापासून एकदम उडाला आहे काय, तासन्‌तास एका जागी अडकला आहे काय, शेजारच्या केंद्रांशी जुळतो काय. नागपूरचे ५६ अंश यांतल्या शेवटच्या प्रश्नालाच अडखळले.

या कष्टांचे चीज कधी आणि कसे होईल, ते नोंद करणाऱ्याला ठाऊक नसते. केरूनाना कुलाबा सोडून गेल्यावर काही वर्षांनी, सप्टेंबर १८५९ मध्ये, सूर्यावरच्या प्रचंड स्फोटाने पृथ्वीच्या चुंबकत्वात वादळ उठले. कुलाब्याच्या साहाय्यकांनी ते नेहमीच्या शिस्तीने वाचून ठेवले. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा जोर मोजावयास घेतला, तेव्हा त्यांच्या उपयोगी पडली ती हीच हाताने लिहिलेली वही. ती विश्वसनीय ठरली, कारण आगेमागे वर्षानुवर्षांच्या शांत दिवसांच्या नोंदी होत्या आणि तुलना करता येत होती.

१८५१ मध्ये केरूनाना पुण्यास आले. नव्यानेच कॉलेजचे रूप घेत असलेल्या पाठशाळेत, आणि पुढे इतरत्रही, त्यांनी गणित आणि पदार्थविज्ञान शिकविले. इंग्रजीत शिकलेले मराठीत सांगण्याची त्यांना हौस होती. शाळांसाठी त्यांनी अंकगणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके लिहिली. ज्ञानप्रसारक सभेसाठी हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर निबंध केले. सूर्यावरील डाग आणि पाऊसपाणी यांचा काही संबंध आहे काय, याचाही त्यांना नाद होता. १८७६-७८ च्या भयंकर दुष्काळानंतर हा प्रश्न विलायतेतही गाजत होता. डेक्कन कॉलेजात बळवंतराव टिळक त्यांच्या हाताखाली गणित शिकले, आणि या गुरूविषयीचा आदर त्यांनी जन्मभर बाळगला. १८७७ मध्ये सरकारने केरूनानांना रावबहादूर केले. नोकरी आणि मानसन्मानांची हकीकत येथेच आटोपती घेतो, कारण खरी गोष्ट पंचांगाची आहे.

महाराष्ट्रातली पंचांगे तेव्हा गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' ग्रंथावरून होत. गणेश दैवज्ञ हे मुरूड-जंजिऱ्याकडच्या नांदगावचे, म्हणजे केरूनानांच्याच किनारपट्टीवरचे. त्यांनी १५२० च्या सुमारास आधीच्या ग्रंथांतली गणिते आकाशाशी ताडून दुरुस्त केली होती. पण त्यानंतर सव्वातीनशेहून अधिक वर्षे लोटली आणि घड्याळ मागेपुढे व्हावे तसे ते गणित आकाशापासून ढळत गेले. ग्रह कागदावर एका जागी आणि आभाळात दुसऱ्या जागी. ग्रहणाची वेळ चुके, तिथीत कित्येक घटकांचा फरक पडे. कुलाब्यात वाढलेल्या माणसाला हे कसे सोसावे? त्याच्या लेखी पंचांग हेही एक यंत्रच होते, आणि ते फार दिवस कोणी तपासले नव्हते. आपल्या ज्योतिषात अशा दुरुस्तीला बीजसंस्कार असा जुना शब्दही आहे. म्हणजे केरूनाना करू पाहत होते ते परंपरेला सोडून मुळीच नव्हते.

१८६० मध्ये त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातल्या नव्या वेधांवर बसविलेली ही कोष्टके असल्याने मराठी जोशालाही ग्रहांची स्थाने आकाशाशी जुळतील अशी काढता येऊ लागली. पुढे १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या पाठबळाने नव्या गणिताचे पंचांग निघू लागले. तेच पटवर्धनी पंचांग.

येथपर्यंत वाट सरळ होती. ग्रहण सांगितल्या वेळी लागले की कोष्टके खरी; कोणीही अंगणात उभे राहून खात्री करून घ्यावी. पण राशिचक्र मोजायचे कोठून? सूर्य मेषेत गेला असे कधी म्हणायचे? तापमापकाचे शून्य बर्फात बुडवून पाहता येते. राशिचक्राचे शून्य कशात बुडवून पाहावयाचे? प्राचीनांनी रेवती नक्षत्राच्या योगतारेपाशी आरंभ सांगितला. म्हणून केरूनानांनी ती तारा नेमकी धरली आणि तिच्यापासून मोजले. तारा अंधूक, शहरातल्या दिव्यांत आज ती दिसणेही कठीण. पण तिला धरताच चालू पंचांगात आणि नव्यात सुमारे चार अंशांचे अंतर पडले. चार अंश म्हणजे सूर्याची चार दिवसांची चाल. संक्रांत चार दिवस अलीकडे आली, आणि काही वर्षी तर अधिक महिनाच वेगळा पडू लागला. अधिक महिना बदलला की गणपती-दिवाळी महिनाभर पुढे-मागे होतात.

म्हणजे दोन भाऊ एकाच वाड्यात राहून एकाची दिवाळी आश्विनात आणि दुसऱ्याची, त्याच्याच बोलण्याप्रमाणे, भाद्रपदात! तिथीच्या घटका सुधारल्याचे लोकांना वावडे नव्हते. पण सणाला हात लागला की प्रश्न गणिताचा राहत नाही. केरूनानांचे पंचांग सरसकट स्वीकारले गेले नाही. त्यांचे गणित खोडणे कोणाला साधले नाही, पण शून्य कोठे धरावे हा मतभेद पंडितांतही राहिला. काहींचे म्हणणे असे की तेजस्वी चित्रा तारा समोरच्या टोकाला धरून मोजावे, म्हणजे रूढ पंचांगाशी फारसे अंतर पडत नाही. माझ्या मते दोन्ही बाजूंना आधार होता. केरूनानांची बाजू ग्रंथवचनाला अधिक जवळची होती आणि लोकांच्या सवयीला अधिक दूरची, एवढेच म्हणता येईल.

१९ मार्च १८८४ रोजी केरूनाना निवर्तले. वाद मात्र चालूच राहिला. १९०४ मध्ये, म्हणजे अलिबागची वेधशाळा झाली त्याच वर्षी, मुंबईत ज्योतिष संमेलन भरले आणि टिळकांनी गुरूची रेवतीची बाजू उचलून धरली. त्यातून पुढे टिळक पंचांग रुजले. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९५५ च्या अहवालात चित्रेकडे कौल दिला, आणि आज बहुतेक पंचांगे त्याच बाजूची आहेत. तरी कोकणात आणि पुण्यात काही घरांच्या भिंतींवर अजून टिळक पंचांग असते, आणि त्या घरांत संक्रांतीचा तिळगूळ १० जानेवारीच्या सुमारासच वाटला जातो.