कै. ताराबाई मोडक

बालशिक्षणासाठीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें त्यांत कै. ताराबाई मोडक ह्यांचें नांव अग्रभागीं येतें. खेड्यांतील शिक्षकांस व आईबापांस उपयोगी पडेल म्हणून त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालीं मुंबईस झाला. १९१४ सालीं त्या बी. ए. झाल्या. पुढें राजकोट येथील स्त्री-शिक्षिकांच्या विद्यालयाच्या त्या प्रमुख होत्या. परंतु ती मानाची जागा सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्या बालमंदिरांत गेल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. नंतर दादर येथें त्यांनीं बालशिक्षिका तयार करण्याचें काम चालविलें.

१९४५ सालीं, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं गेल्या. तेथें अनुताई वाघ त्यांना सहकारी मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरिबांचीं मुलें येईनात. आईबाप मजुरीस जात. थोरलें मूल धाकट्यास सांभाळी. अशा आईबापांस अडाणी ठरवून मोकळें होणें सोपें होतें. ताराबाईंनीं उणीव आपल्या शाळेंत शोधली. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. शिक्षिका वस्तीवर जाई, मुलांस स्वच्छ करी, आणि तेथेंच गाणीं, गोष्टी व खेळ चालत. महाग साधनांऐवजीं खडे, बिया, पानें, शिंपले ह्यांनीं काम भागे. शिकणें दारींच चाले, त्यामुळें तें आईच्या नजरेखालीं येई, व शाळा तिला परकी राहत नसे.

१९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांत गेलें. तेथें पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणीं चाले. म्हणजे ताई धाकट्या भावास कडेवर घेऊन येई, त्यास पाळण्यांत ठेवी व स्वतः वर्गांत बसे. गुराख्यांच्या मुलांसाठीं कुरणावरच शाळा भरे. शिक्षिकांचें शिक्षणही आदिवासी घरांच्या शेजारींच होई. पाठ कसा द्यावा ह्याबरोबर घरची अडचण कशी ओळखावी, हेंही त्यांस शिकावें लागे.

१९६२ सालीं त्यांस पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ सालीं त्या निवर्तल्या. पुढें दोन वर्षांनीं सरकारनें देशांत अंगणवाड्या सुरू केल्या.

मूल शाळेंत येत नसेल, तर हजेरीच्या पुस्तकांत गैरहजेरी मांडून शिक्षकाचें काम संपत नाहीं. त्याच्या घरीं जाऊन, आईबापांजवळ बसून कारण विचारावें, व शाळेची वेळ आणि रीत त्याप्रमाणें बदलावी, हा धडा ताराबाईंच्या चरित्रापासून आम्हीं सर्वांनीं घ्यावा.