नामदार गोखले आणि लष्कराचा हिशेब

नोकरी-व्यवसायानिमित्त कोलकात्यात स्थायिक झालेल्या आपणा मंडळींना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे गाजलेले अंदाजपत्रकी भाषण याच शहरात झाले.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी पोटाला चिमटा घेऊन धाकट्याला शिकवले. १८८४ मध्ये पदवीधर होऊन गोखले पुण्यात शिक्षक झाले. सरकारी आकडे कसे वाचावेत, हे त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून घेतले. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष दिली.

तेव्हा कोलकाता राजधानी होती. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. २६ मार्च १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांच्यासमोर गोखले उभे राहिले. तिजोरीत सुमारे सात कोटींची शिल्लक होती. दुष्काळांनी पिचलेल्या रयतेकडून जास्त कर घेतल्यानेच ती पडली, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. गरिबाच्या मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. दुसरीकडे १८८५ मध्ये रशियाच्या भीतीने वाढवलेले सैन्य तसेच होते. त्यातल्या पलटणी चीन व दक्षिण आफ्रिकेत पाठवता येतात, म्हणजे ते देशाच्या गरजेपेक्षा अधिक आहे, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. निवृत्त गोऱ्या सैनिकांच्या पेन्शनचा भारही आपल्याच तिजोरीवर होता आणि हिंदी शिपायाला वरच्या अधिकाराच्या जागा मात्र बंद होत्या.

१९०३ मध्ये मिठावरचा कर दोन रुपये झाला, १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. लष्करी खर्चाला मात्र आळा बसला नाही. तरीही गोखले वर्षानुवर्षे हिशेब मागत राहिले. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांचे पुण्यात निधन झाले.

आज सैन्य आपले आहे आणि माजी सैनिकांचे पेन्शन हे आपले कर्तव्य आहे. मताचा हक्कही आपल्या प्रतिनिधींना आहे. तरी २०१८ साली लोकसभेत खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. मत नसताना जो बोलला, त्या नामदारांना वंदन करताना एवढे ध्यानात ठेवू या.