मातीचा हिशेब विचारणारे महात्मा जोतीराव फुले

आपल्या विद्यालयाच्या सभागृहात तथागत बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांशेजारी महात्मा जोतीराव फुले यांची प्रतिमा आहे. स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक, सत्यशोधक समाजाचे संस्थापक, बाबासाहेबांनी ज्यांना आपल्या तीन गुरूंमध्ये मानले ते जोतीराव, ही ओळख आपल्या माजी विद्यार्थ्यांना नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. परंतु जोतीराव दगडमातीचेही जाणकार होते. डोंगरावरची माती कशी सुटते, कोठे जाते आणि तिच्या जाण्याने कोणाची चूल विझते, याचा विचार त्यांनी १४० वर्षांपूर्वी मांडला. पाठ्यपुस्तकांत ही बाजू क्वचितच येते. म्हणून या स्मरणिकेत त्यांचे जीवन त्या अंगाने पाहावे असे वाटते.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन फुलांचा व्यवसाय केल्यामुळे फुले हे नाव पडले. जोतीराव वर्षाचेही झाले नसतील, तोच आई चिमणाबाई निवर्तल्या. सगुणाबाईंनी त्यांना मायेने वाढविले. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले खरे, परंतु लोकांच्या सांगण्यावरून काढूनही घेतले आणि शेतीच्या कामाला लावले. पुढे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांचे मन वळविले व १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. शाळा सुटल्याचा तो काळ दुःखाचाच होता. तरीही मातीची पहिली ओळख त्यांना त्या काळात झाली, हे विसरता येत नाही.

ती माती कोठून आली, हे थोडक्यात पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे लोट वारंवार बाहेर आले आणि एकावर एक थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. सिंहगड, कात्रज, पर्वती हे सारे त्याच पाषाणाचे. दिवसा तापणारा व रात्री निवणारा हा खडक सांध्यासांध्यांतून तडकतो. पावसाचे पाणी हवेतील वायू विरघळवून किंचित आम्लधर्मी होते आणि भेगांत शिरून खडकातील खनिजे कुजविते. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे दगडाचे थर सुटतात. झाडांची मुळे भेगा रुंदावतात. दगडाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. उतारावर ती टिकत नाही, म्हणून माळ बरड राहतो. सखल भागात साचते, तेथे काळी कसदार जमीन होते. एकाच पाषाणाची ही दोन रूपे आहेत. बोटभर मातीचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात, पण उघड्या उतारावरून तो वाहून जाण्यास वळवाच्या दोनचार सरी पुरतात. पर्वतही अनित्य आहे, हे तथागतांच्या अनुयायांना वेगळे सांगावयास नको. परंतु जे कारणाने घडते, त्यावर कारण ओळखून उपाय करता येतो, हेही आपल्याला धम्मानेच शिकविले आहे.

१८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्यापायी १८४९ मध्ये दोघांना घर सोडावे लागले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारने त्यांचा सत्कार केला. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हे सर्व करताना पोटासाठी ते बांधकामांना माल पुरविणे, कंत्राटे घेणे असे व्यवसाय करीत. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. खाणीतील दगड, चुना, वाळू आणि ते वाहणारे मजूर यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध होता. मजुरांची पिळवणूक व अधिकाऱ्यांचे कारभार त्यांनी तेथेच जवळून पाहिले.

पुण्याजवळ मांजरी येथे ते शेतीही करीत. नकाशा काढून पाहिला तर जोतीरावांचे कार्यक्षेत्र एका नदीच्या काठाने पसरलेले दिसते. सह्याद्रीत उगम पावलेली मुठा खडकवासल्याला धरणात अडते, पुण्यात संगमावर मुळेला मिळते. मग मुळा-मुठा येरवड्याच्या पुलाखालून मांजरीवरून पुढे जाऊन भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. वाहते पाणी मातीची वर्गवारी करीत जाते. मोठे धोंडे डोंगरपायथ्याशीच राहतात, गोटे व वाळू पात्रात पडते, सर्वांत बारीक गाळ दूरवर जातो. धरणात पाणी संथ होताच तोही तळाशी बसतो. कष्टकऱ्याच्या शेतातला कस शेवटी असा कोठेतरी साठतो किंवा बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतो.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि लवकरच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ आला. धनकवडी येथे समाजाच्या वतीने उपाशी मुलांसाठी अन्नाची व निवाऱ्याची सोय करण्यात आली. याच काळात, १८७६ ते १८८२ या वर्षांत, जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. दुष्काळ केवळ पाऊस न पडल्याने येत नाही, तो माणसांच्या व्यवस्थेनेही आणलेला असतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या पाच प्रकरणांत हा विचार आहे. त्यातील दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त छापून आली, पुढची आली नाहीत.

या ग्रंथात जोतीराव दाखवितात की, पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा, फुले, मेलेल्या किड्यामुंग्यांचे व जनावरांचे कुजलेले अवशेष पावसाबरोबर खालच्या शेतात येत आणि जमीन आपोआप सुपीक होई. अल्पभूधारक शेतकरी रानातील उंबरे-जांभळे खाऊन, एखादी गाय वा दोन शेरडे पाळून तग धरीत. सरकारच्या जंगलखात्याने डोंगर व गायराने बंद केली, तेव्हा हा आधार तुटला. जनावरे घटली, खत घटले, जमिनीला विश्रांती मिळेनाशी झाली आणि निकस झालेल्या शेतावर सारा मात्र वाढत गेला. निसर्गाच्या क्रमाला त्यांनी सत्तेच्या व्यवहाराशी जोडले, हे त्यांचे वेगळेपण आहे.

त्यांनी सांगितलेले उपाय आजही वाचण्यासारखे आहेत. सरकारने रिकाम्या वेळी सैन्य व पोलिसांकडून जागोजागी ताली-बंधारे अशा रीतीने घालून घ्यावेत की, पावसाचे पाणी शेतात मुरून मगच ओढ्यानाल्यांना मिळावे. जुनी तळी दुरुस्त करावीत. तळ्यांतील व नद्यांतील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. गायराने गावांना परत द्यावीत. पाणाड्यांकडून जमिनीतील पाण्याचा शोध घ्यावा. वाहून गेलेली माती परत शेतात आणणे आणि उरलेली जागच्या जागी थोपविणे, या दोनच सूत्रांवर आजचे मृदसंधारण उभे आहे.

२ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या मेजवानीस जोतीराव साध्या शेतकऱ्याच्या वेषात गेले. ११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला, तरी डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे परिनिर्वाण झाले.

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक प्रश्न मला अस्वस्थ करतो. जोतीरावांनी सुचविलेले बंधारे महाराष्ट्रात झाले, पण ते सैन्याने बांधले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, नालाबांध व पाझर तलावांची माती वाहून ते भूमिहीनांनी बांधले. माझी आईही त्या भरावावर पाट्या वाहत होती, मी तेव्हा तिच्या कडेवर होतो. तिने अडविलेल्या मातीत आमची एक गुंठाही नव्हती. २०१७ पासून राज्यात धरणांतील गाळ काढून शिवारात टाकण्याची योजना आहे. जोतीरावांची मागणी अशी अंशतः पुरी झाली, परंतु ज्याला शिवारच नाही त्याने गाळ कोठे न्यावा? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच प्रश्नाचे होते. तो अद्याप सुटलेला नाही.

आपल्या वसतिगृहात आजही ऊसतोड कामगारांची, शेतमजुरांची मुले येतात. त्यांना भूगोलाच्या तासाला अपक्षय, वहन, निक्षेपण हे शब्द पाठ करून घ्यावे लागतात. ते शिकविताना आपण जोतीरावांचे नावही घ्यावे आणि पुढे विचारावे की, तुमच्या गावची माती कोठे जाते, ती कोण अडवितो आणि ती कोणाच्या नावावर आहे? हा हिशेब मागण्याची हिंमत विद्येनेच येते, हे ज्यांनी आपल्याला शिकविले त्या क्रांतिबा जोतीरावांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!